आजोबांच्या रेकॉर्ड वाजवायच्यात? आधी सुई पाहा!

घर रंगवायला काढले, जुना वाडा पाडायचे ठरले किंवा मोठ्या काकांच्या पश्चात खोल्या रिकाम्या करायची वेळ आली, की माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली उतरते. आत खाकी पाकिटांत, नाहीतर पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काळ्या, जड तबकड्या. मधल्या गोल कागदावर कर्ण्यासमोर बसलेला तो प्रसिद्ध कुत्रा आणि खाली बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ अशी नावे. कोलकात्याच्या घरात पंकज मलिक आणि के. सी. डे निघतात, चेन्नईच्या घरात एम. एस. सुब्बलक्ष्मी. घरातले सगळे भोवती जमतात आणि कुणीतरी म्हणतेच, ‘‘अरे, या वाजवून बघायला हव्यात!’’

इथवर सगळे छान असते. घोटाळा यापुढे होतो. उत्साहाच्या भरात कुणी बाजारातून चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन आणतो, कुणी सुटकेससारखा दिसणारा स्वस्त रेकॉर्ड प्लेअर मागवतो. तबकडी लावली जाते, खरखरीतून आवाज येतो, सगळे टाळ्या वाजवतात. त्या तीन मिनिटांत तबकडीवरचा थोडासा आवाज कायमचा घासला गेला, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

लोकप्रिय गायकांची गाणी पुढे एलपी, कॅसेट आणि सीडीवर आली. पण एकदोन तबकड्या काढून विस्मरणात गेलेले कितीतरी गायक, कीर्तनकार, नाटक कंपन्यांतले नट, शाहीर यांचे आवाज दुसऱ्या कुठल्याच रूपात कधी निघाले नाहीत. ट्रंकेत अशी एखादी तबकडी असेल, तर तिच्या खाचेच्या भिंतीवर कोरलेला आवाज हाच त्या माणसाचा उरलेला आवाज असू शकतो. तो घासला गेला की कितीही पैसे मोजून परत मिळत नाही. म्हणून कोणते यंत्र घ्यायचे, हा प्रश्न दिवाणखान्याच्या शोभेचा नाही.

लाख आणि दगडाची पूड

या तबकड्या एलपीसारख्या प्लॅस्टिकच्या नव्हेत. त्या लाखेच्या असतात. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यापासून मिळणारी, छोटा नागपूरच्या जंगलांतून जगभर जाणारी तीच ही लाख. मात्र तबकडीत लाखेचा वाटा थोडाच असतो. बाकी दगडाची बारीक पूड, काजळी, कापसाचे तंतू असे मिश्रण. म्हणूनच ती जड लागते आणि हातातून पडली की बशीसारखी फुटते.

फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक १९०२ साली कोलकात्यात आला आणि गौहरजानसारख्या गायिकांचे आवाज टिपून घेऊन गेला. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि बोटीने परत येत. १९०८ मध्ये कोलकात्याच्या सियालदहला कारखाना निघाला, पुढे १९२८ मध्ये डमडमचा. वीज नसलेल्या घरांत चावीचा ग्रामोफोन चालत असल्यामुळे आपल्याकडे या तबकड्या खूप उशिरापर्यंत निघत राहिल्या. बाकी जगात त्या जवळजवळ बंद झाल्यावरही, १९६० नंतरची काही वर्षे, भारतात चक्क बीटल्सची गाणी लाखेच्या तबकडीवर निघत होती. परदेशातले संग्राहक आज ती शोधत फिरतात. तेव्हा ट्रंकेतली ‘इंग्रजी गाण्याची फालतू रेकॉर्ड’ भंगारवाल्याला देण्यापूर्वी जरा थांबलेले बरे.

ती दगडाची पूड मिश्रणात मुद्दामच घातलेली असे. ग्रामोफोनची पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांतच तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी, हा हेतू. पिन खाचेत नीट बसे आणि गाणे संपेपर्यंत तिच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धार आलेली असे. तीच पिन दुसऱ्या तबकडीवर ठेवली की पटाशीने लाकूड तासावे तसे काम सुरू होते. म्हणून दर बाजूला नवी पिन, हा नियम. पिनांच्या डब्यांवर तो छापलेला असे आणि घरोघरी काटकसरीपायी तो मोडला जाई. आजोबांच्या आवडत्या तबकडीवर सगळ्यात जास्त खरखर का, याचे कारण बहुधा हेच!

पितळी कर्ण्याचा मोह

मुंबईच्या चोर बाजारात, दिल्लीला जामा मशिदीच्या परिसरात, कोलकात्याच्या फ्री स्कूल स्ट्रीटवर आणि शिवाय प्रत्येक पर्यटनस्थळी झळाळत्या पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन मांडलेले दिसतात. त्यांतले बहुतेक जुने नसतात. कर्णा नवा, पेटी नवी, आतले यंत्र कुठल्यातरी मोडक्या पोर्टेबलमधले आणि पुढे कुत्र्याचे चित्र डकवलेले. शोकेसमध्ये ठेवायला हरकत नाही, पण आजोबांची तबकडी त्यावर चढवू नये. आर्मचे माप आणि कोन जमलेले नसतात. त्यामुळे पिन खाचेत तिरकी चालते आणि एकाच भिंतीवर रेलते.

खरे पाहता बाहेर डोकावणारा कर्णा १९२० नंतर मागे पडत गेला. मध्यमवर्गीय घरांत पोहोचली ती झाकण लावून हातात नेता येणारी पेटी. तिचा कर्णा आतल्या आत लपवलेला असतो. एचएमव्हीचे १०२ हे मॉडेल त्यांतले नावाजलेले. चावीचा ग्रामोफोनच हवा असे मनात असेल, तर अशी मूळ अवस्थेतली पेटी शोधावी. घेताना दुकानदाराला एक पूर्ण बाजू वाजवून दाखवायला सांगावे. चावी पूर्ण दिल्यावर शेवटपर्यंत वेग टिकला पाहिजे. मध्येच आवाज ओढल्यासारखा झाला तर स्प्रिंग थकलेली आहे किंवा आतले ग्रीस घट्ट झालेले आहे. पिन जिथे बसते त्या साउंड बॉक्सच्या पडद्याभोवती रबराची कडी असतात. ती सुकून दगडासारखी झाली की प्रत्येक वरचा सूर फाटतो. ही कडी बदलता येतात आणि ती बदलल्यावर पेटीचा आवाज इतका सुधारतो, की ऐकणाऱ्याला ती दुसरीच वाटावी. पिना मात्र सीलबंद नव्या डबीतल्याच घ्याव्यात. जुन्या उघड्या डबीत वापरलेल्या पिना परत टाकलेल्या असू शकतात.

एवढे करूनही ग्रामोफोनचे वजन विसरून चालत नाही. त्याचा साउंड बॉक्स शंभर ग्रॅमपेक्षा जास्त भाराने तबकडीवर टेकतो. विजेच्या चांगल्या टर्नटेबलवर हाच भार तीन ते पाच ग्रॅम असतो. त्यामुळे दोन-तीन जादा प्रती असलेली किंवा बाजारात सहज मिळणारी तबकडी ग्रामोफोनवर हौसेने लावावी. सणाच्या दिवशी चावी देऊन ऐकलेल्या नाट्यगीताची मजा औरच असते, ती कुणी का नाकारावी? पण एकुलती एक, दुर्मीळ किंवा १९४५ नंतरची तबकडी त्यावर लावू नये. नंतरच्या काळातले मुद्रण हलक्या पिकअपसाठी केलेले असे. जड पिनेखाली ते लवकर झिजते. आणि एलपी तर चुकूनही नको. एका फेरीतच ती कामातून जाईल.

बटण आहे, सुई नाही

दुसरा मोह सुटकेसवाल्या स्वस्त प्लेअरचा. त्यावर ३३, ४५ आणि ७८ असे तीन वेग लिहिलेले असतात. गिऱ्हाईक ७८ पाहून निश्चिंत होते. पण वेग आणि सुई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खोक्यावर कुणी लिहीत नाही.

एलपीची खाच बारीक असते. तिच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन. लाखेच्या तबकडीची खाच त्याहून कितीतरी रुंद. तिला साधारण ७५ मायक्रॉनची, म्हणजे चौपट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई त्या रुंद खाचेत पडते ती थेट तळाशी, जिथे सत्तर-ऐंशी वर्षांची धूळ आणि पिनांचा कीस साठलेला असतो. गाणे तर खाचेच्या भिंतींवर आहे! सुई तळाशी लडबडत राहते, खरखर मोठी ऐकू येते, गायक दूर गेल्यासारखा वाटतो आणि सुईही खराब होते. ‘‘जुन्या रेकॉर्डी अशाच वाजायच्या’’ असे म्हणून लोक मान डोलावतात. जुन्या रेकॉर्डी अशा वाजत नसत. योग्य सुई लावून ऐकली की गायकाचा श्वास, पेटीचा भाता, तबल्याची थाप वेगवेगळी ऐकू येते. आधी चुकीच्या सुईने ऐकलेल्या माणसाचा तर पहिल्यांदा विश्वासच बसत नाही.

घरात साठ-सत्तरच्या दशकांतला विजेचा रेकॉर्ड प्लेअर पडून असेल, तर त्याची सुई पाहावी. त्या काळच्या पुष्कळ प्लेअरांना एक छोटी दांडी असे. ती फिरवली की एका बाजूला एलपीची आणि दुसऱ्या बाजूला ७८ ची सुई येई. आजच्या स्वस्त प्लेअरांमध्ये ही सोय बहुधा नसते. मात्र जुन्या प्लेअरची ती सुई किती झिजली आहे ते माहीत नसते. त्यामुळे दुरुस्तीवाल्याकडून नवी बसवून घेतल्याशिवाय तबकडीवर टेकवू नये.

मग घ्यायचे तरी काय?

सरळ उत्तर असे : ७८ वेग असलेला, वेग थोडा कमीजास्त करता येणारा आणि सुई बदलता येणारा टर्नटेबल घ्यावा व त्याला ७८ ची वेगळी सुई लावावी. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२० मालिकेत हे तिन्ही जमते. त्याबरोबर येणारी सुई एलपीची असते, पण त्याच व्हीएम९५ मालिकेत ७८ साठी ‘एसपी’ नावाची सुई मिळते. जुनी ओढून काढायची, नवी सरकवून बसवायची. ऑर्टोफोनचे ‘२एम ७८’, ग्रेडोचे ‘७८ई’ हेही खास याच कामासाठी केलेले कार्ट्रिज. श्युअर कंपनीचे कार्ट्रिज एके काळी संग्राहकांचे लाडके होते, पण कंपनीने २०१८ मध्ये ते बनवणे बंद केले. तेव्हा ‘अस्सल श्युअर’ म्हणून कुणी सुई पुढे केली तर दोनदा विचारावे. सुई बदलली की आर्मचा भारही बदलावा लागतो. तो किती ठेवायचा ते सुईच्या पत्रकात दिलेले असते आणि तेच पाळावे. हलका भार म्हणजे तबकडीची काळजी, असा एक गैरसमज आहे. फार हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना ठोके देते.

जुन्या जड टर्नटेबलची हौस असणारे गॅरार्ड ३०१ किंवा ४०१ शोधतात. यंत्रे उत्तम आहेत, ७८ वेगही आहे. पण त्यांच्या किमती आता हौसेच्या पलीकडे गेल्या आहेत. दहा-वीस तबकड्यांसाठी त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

बजेट कमी असेल तर एक युक्ती आहे. घरात फक्त ३३ आणि ४५ वेगांचा चांगला टर्नटेबल असला, तर त्याला ७८ ची सुई लावून तबकडी ४५ वर वाजवावी आणि संगणकावर मुद्रित करावी. मग ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग १.७३३ पट केला की गाणे मूळ वेगावर येते. पैसे खर्चायचेच असतील तर ते आधी सुईवर खर्च करावेत, यंत्राच्या रूपावर नंतर.

या तबकड्या स्टीरिओ नाहीत. स्टीरिओ कार्ट्रिजने वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’ बटण असेल तर ते दाबावे. खाचेतल्या वरखाली हेलकाव्यांमुळे येणारी खरखर तेवढ्यानेच बरीच कमी होते. अपवाद पाथे कंपनीच्या सुरुवातीच्या तबकड्यांचा. त्यांच्यात आवाजच वरखाली कोरलेला असल्याने मोनो केले की गाणेच नाहीसे होते! अशी तबकडी हाती लागली तर ती जाणकाराकडे न्यावी.

आणखी एक बारकावा. आजच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली फोनोची जोडणी १९५४ पासून रूढ झालेल्या एलपीच्या मापाने वरचे सूर दाबते. जुन्या तबकड्यांत ते मुळात तितके उचललेले नसतात. त्यामुळे आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो. ट्रेबल थोडा वाढवला की काम भागते. त्यासाठी खास महागडी उपकरणे मिळतात, पण घरगुती ऐकण्याला त्यांची गरज नाही.

काळी एक की पांढरी दोन?

७८ हा आकडाही पक्का नव्हे. सुरुवातीच्या वर्षांत कुणी ७४ वर मुद्रण करी, कुणी ८० च्या पुढे. ७३.६ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली की स्वर बरोबर एक पट्टी वर जातो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, तानाही जलद होतात आणि वयस्क बुवा तरुण वाटू लागतात! म्हणून टर्नटेबलला वेग कमीजास्त करायची सोय हवी. घरात कुणी हार्मोनियम वाजवणारे असेल तर त्यांना जवळ बसवावे. गायकाची पट्टी ठाऊक असली की वेग ठरवणे सोपे जाते.

टर्नटेबल ७८ वर आहे की नाही हे तपासायला रेघांची गोल चकती मिळते. आपल्याकडची वीज ५० सायकलची, त्यामुळे चकतीवर ७७ रेघा हव्यात. अमेरिकी चकतीवर ९२ असतात, ती इथे चालत नाही. साध्या पिवळ्या बल्बखाली किंवा चोकवाल्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. पुष्कळ एलईडी दिव्यांखाली ही परीक्षा होत नाही, कारण ते तसे लुकलुकतच नाहीत.

आधी आंघोळ, मग गाणे

सुई टेकवण्यापूर्वी तबकडी स्वच्छ करावी आणि इथेच हात सर्वांत जास्त सांभाळावा. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर, काच पुसायचे द्रव यांतले काही म्हणता काही लावू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारा कारागीर तेच तर करतो! एलपीसाठी बाजारात मिळणाऱ्या द्रवांतही पुष्कळदा अल्कोहोल असते, त्यामुळे बाटलीवरची माहिती वाचावी.

बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे एक-दोन थेंब एवढे पुरते. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, गोलगोल पुसावे. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढावा आणि लगेच मऊ सुती कापडाने टिपावे. मधला कागद कोरडा राहिला पाहिजे. तबकडी बादलीत बुडवून ठेवू नये. काही तबकड्यांच्या पोटात कागदाचा थर असतो, बारीक चिरेतून पाणी आत गेले की ती फुगते. पावसाळ्यात धरलेली पांढरी बुरशी या धुण्याने बहुतेक निघते. सुकवायला उन्हात मात्र ठेवू नये, तासाभरात पापडासारखी वाकडी होईल.

वाजवण्याआधी तबकडी उजेडात तिरकी धरून चीर आहे का ते पाहावे. केसासारखी चीर असेल तर ग्रामोफोन बाद. हलक्या सुईने ती सावकाश एकदाच वाजवावी आणि त्याच वेळी मुद्रित करून घ्यावी.

किंबहुना ट्रंकेतल्या प्रत्येक तबकडीबाबत हेच करावे. पहिले स्वच्छ वाजवणे म्हणजेच मुद्रणही. पुढे रोज ऐकायचे ते त्या प्रतीवरून. यूएसबी जोडणी असलेला टर्नटेबल असेल तर वेगळे काही घ्यावे लागत नाही. मुद्रण एमपी३ मध्ये न ठेवता डब्ल्यूएव्ही या मोठ्या स्वरूपात ठेवावे आणि खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीत. मूळ मुद्रणाला हात लावू नये. खरखर साफ करण्याच्या नादात तंबोऱ्याची जवार आणि गायकाचा ‘स’ही पुसला जातो. नवशिक्यांकडून हे हमखास घडते.

फाइलला नाव देताना गायक, गाणे, कंपनी, तबकडीचा क्रमांक आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेले बारीक आकडेही लिहून ठेवावेत. तबकडी कोणत्या काळातली आहे ते जाणकार त्यांवरून सांगू शकतात. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० मध्ये मुंबईत सुरू झाली. अशा मंडळींना मध्यम प्रतीच्या गाजलेल्या गाण्यापेक्षा नाव न ऐकलेल्या गायकाच्या तबकडीत जास्त रस असतो.

तबकड्या परत ठेवताना एकावर एक रचू नयेत. खालच्या तडकतात. प्रत्येकीला नवे कागदी पाकीट देऊन मजबूत खोक्यात पुस्तकांसारख्या उभ्या आणि ताठ ठेवाव्यात. माळा उन्हाळ्यात तापतो, तेव्हा तिथे पुन्हा नको. कपाटाचा खालचा खण बरा. दहा इंची पन्नास तबकड्यांचे वजन दहा किलोच्या घरात जाते, हे फळी निवडताना लक्षात ठेवावे.

आणि मुद्रण करताना गाणे संपले की लगेच सुई उचलू नये. तबकड्या हॅनोव्हरला छापल्या जात त्या काळात तिथल्या कारागिरांना कोणता साचा कुणाचा हे कळावे म्हणून गायिका शेवटी स्वतःचे नाव सांगत. गौहरजान ते इंग्रजीत सांगे, अलाहाबादची जानकीबाई आपल्या गावासकट. गाण्याची तीन मिनिटे संपतात, तबला थांबतो आणि खरखरीच्या मधून ते नाव येते.